बाद झालेल्याला परत आत घ्या

मुंबईतल्या डिलाईल रोडच्या पोरांना नियम पाळता येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी त्यांना कॅरम खेळताना बघितलेलं नसतं. वर्गात ज्यांना ‘गप्प बसा’ सांगून शिक्षकांचा घसा बसतो, तीच पोरं संध्याकाळी चाळीत कॅरमभोवती उभी राहतात तेव्हा पंच लागत नाही. स्ट्रायकर भोकात गेला की खेळणारा स्वतःच सोंगटी काढून मध्ये ठेवतो. क्वीन घेतली आणि कव्हर गेलं नाही, तर कुणी बोलायच्या आत क्वीन परत जागेवर. नंबर यायची वाट बघत पोरं तासभर उभी राहतात, हरली की पुन्हा नंबर लावतात. ही चिकाटी आणि हा प्रामाणिकपणा शाळेच्या फाटकाशी कुठे गळून पडतो, हा प्रश्न मला नोकरीच्या सुरुवातीपासून छळत आला. त्याच्यामागे लागून जे हाती आलं, ते इथे सांगते आहे.

मी या भागातल्या मराठी माध्यमाच्या एका शाळेत गणित शिकवते. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळे वर्ग घेतले, पण जास्त काळ सातवी-आठवीत गेला. रस्त्याचं सरकारी नाव ना. म. जोशी मार्ग. या जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा नि वाचनालयं चालवली. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर शिकवायला मिळतं, याचं मला अप्रूप आहे. बोलताना मात्र आम्ही सगळे डिलाईल रोडच म्हणतो. वर्गातली बरीच मुलं बीडीडी चाळींतली. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत एका बिऱ्हाडाला खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आजी, आईवडील आणि दोन-तीन भावंडं. त्यामुळे मूल वाढतं ते खोलीबाहेर: गॅलरीत, जिन्यात, दोन चाळींच्या मधल्या जागेत. तिथे कसला ना कसला डाव चालूच असतो. लगोरी, विषामृत, डबा ऐसपैस, कॅरम आणि जरा अंगात भरलं की श्रमिक जिमखान्याच्या मैदानावर कबड्डी.

खेळाचे घटक वर्गात आणायचे, हे आमच्यापर्यंत आलं ते प्रशिक्षणातून आणि ‘गेमिफिकेशन’ या भारदस्त नावानं. सांगितलेली युक्ती सोपी होती. गृहपाठ पूर्ण केला की एक स्टार, वेळेवर आलं की एक, हात वर केला की एक. दहा स्टार झाले की बॅज, आणि भिंतीवर सगळ्यांच्या नावांचा तक्ता. अनेक शाळांत तो लागला, आमच्याही लागला.

पहिले काही दिवस नवलाईचे गेले. वह्या पूर्ण येऊ लागल्या, हात वर होऊ लागले. मग हळूहळू तक्त्याची दोन टोकं झाली. वरच्या चार-पाच जणांत चुरस पेटली. ते मधल्या सुट्टीत डबा सोडून तक्त्यापाशी उभे राहत. खालची निम्मी नावं जिथे होती तिथे गोठली. त्या मुलांनी तक्त्याकडे बघणंच सोडलं. तक्ता लावलेल्या भिंतीकडे पाठ करून बसणारी एक मुलगी मला आठवते. तिनं जागा मुद्दाम बदलून मागितली होती. वह्यांचं म्हणाल तर त्या पूर्ण येत होत्या खऱ्या, पण सकाळी जिन्यात बसून एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा. एका मुलाची चूक पाच वह्यांत त्याच ओळीवर सापडे.

या प्रकाराचं नेमकं निदान केलं ते एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी. पालकसभेला घरातून तेच यायचे. जुने गिरणी कामगार, साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात नोकरी गेली ती गेलीच. त्यांनी तक्ता खालपासून वरपर्यंत वाचला आणि विचारलं, “बाई, पोरांना पीसवर लावलंय काय?” मला आधी कळेना. मग त्यांनी समजावलं. साचेवाल्याचा पगार कापडाच्या मापावर असायचा. सूत खराब आलं, धागा सारखा तुटला, तर कष्ट दुप्पट आणि हातात पैसे कमी. चांगला साचा कुणाला मिळणार, तर जो जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीतला त्याला. “पीसवर माणूस कापड बघत नाही बाई, वार बघतो,” ते म्हणाले. ज्या मुलाला घरी अभ्यासाला कोपरा नाही त्याला खराब सूत मिळालंय आणि आपण त्याचे वार मोजतो आहोत, हे त्या एका वाक्यात आलं.

काही वर्षांनी हीच गोष्ट दुसऱ्या तोंडून ऐकली. माझा एक माजी विद्यार्थी धाकट्या बहिणीची फी भरायला आला होता. तो जेवणाची पार्सलं पोचवण्याचं काम करतो. त्याचे आजोबा ज्या गिरण्यांत राबले, त्यांच्याच आवारात आता काचेची ऑफिसं उभी आहेत. तिथल्या लोकांचं दुपारचं जेवण हा घेऊन जातो. भिंतीवरचे स्टार बघून हसला. म्हणाला, “बाई, आमच्या ॲपमध्येपण असंच असतं. इतक्या ऑर्डर झाल्या की इन्सेंटिव्ह. आपण तिथे पोचलो की टार्गेट पुढे सरकतं.” मग थोडं थांबून, “खेळ वाटतो, पण खेळ नाही तो. खेळात आपल्याला घरी जाता येतं.”

आजोबा आणि नातवाच्या पिढीतल्या या दोघांनी जे अनुभवातून सांगितलं, त्याला प्रयोगाचाही आधार आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक साधा प्रयोग केला. चित्रं काढायला आवडणारी लहान मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता बक्षीस दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळेत कोण किती चित्रं काढतं ते बघितलं. बक्षिसाच्या बोलीवर काढणाऱ्यांचा चित्रांतला रस निम्म्याच्या आसपास उतरला होता. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उतरला नव्हता. आवडीच्या कामाला आधीच मोल लावलं की आवड मोलाच्या मागे जाते, एवढा त्याचा अर्थ. हे वाचलं तेव्हा मला आमच्या जिन्यातल्या वह्या आठवल्या.

अखेर तक्ता उतरला. प्रश्न मात्र तिथेच राहिला. कॅरमला कुणी स्टार देत नाही, लगोरी जिंकली म्हणून घरी कौतुक होत नाही. तरी पोरं जीव टाकून खेळतात. मग त्यांना धरून ठेवतं काय? मी मधल्या सुट्टीत आणि येता-जाता चाळीत उभी राहून डाव बघायला लागले. उत्तर नियमांत होतं.

पहिला नियम उचलला तो कॅरममधला. क्वीनला तीन गुण, पण नुसती क्वीन भोकात घालून भागत नाही. लगेच आपली एक सोंगटी घालून तिला कव्हर द्यावं लागतं. नाही दिलं तर क्वीन परत मध्ये, आणि आता ती समोरच्याचीही होऊ शकते. शिवाय आधी आपली एक तरी सोंगटी गेलेली असल्याशिवाय क्वीनला हात लावता येत नाही. हे जसंच्या तसं वर्गात आणलं. गटाने आधी एक साधं उदाहरण सोडवायचं, मग क्वीन, म्हणजे अवघड प्रश्न. उत्तर बरोबर आलं तरी गुण लगेच नाहीत. गटातल्या दुसऱ्या भिडूने उठून ‘असं का’ ते सांगायचं. ते कव्हर. कव्हर हुकलं तर प्रश्न परत मध्ये, दुसऱ्या गटाला खुला.

अपूर्णांकांचा भागाकार चालू होता. पाऊणला अर्ध्याने भागा. उलटा करून गुणायचं हे सगळ्यांना पाठ. पहिल्या बाकावरच्या मुलाने क्षणात उत्तर दिलं, दीड. कव्हर मागितलं. “भागल्यावर संख्या कमी व्हायला पाहिजे. पाऊणची दीड झाली कशी?” गट गप्प. “नियम आहे,” एक जण म्हणाला. वर्ग ओरडला, “कव्हर नाही, कव्हर नाही!” क्वीन परत मध्ये. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, दुसऱ्या गटातली एक मुलगी उभी राहिली. वर्गात तिचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. सकाळी शाळेआधी आईबरोबर घरोघरी दूध टाकायची ती. म्हणाली, “पाऊण लिटर दूध आहे. अर्ध्या लिटरच्या पिशवीत भरलं तर एक पिशवी पूर्ण भरेल आणि दुसरी अर्धी. म्हणजे दीड पिशवी. दूध वाढलं नाही, पिशवी लहान आहे.” वर्गात टाळ्या पडल्या. पुस्तकात इतकं चांगलं स्पष्टीकरण मी वाचलेलं नाही.

त्यानंतर वर्गात एक नवीन प्रतिष्ठा तयार झाली. झटपट उत्तर देणारे वेगळे आणि कव्हर देणारे वेगळे. ज्यांची आकडेमोड संथ होती, पण जी थांबून विचार करायची, अशा मुलांना गट आपल्याकडे ओढू लागले. ‘कव्हरला कोण आहे?’ हे आधी बघितलं जाऊ लागलं. उत्तराला गुण आणि कारणाला शून्य, हा आपल्या परीक्षांचा जुना रिवाज कॅरमच्या एका नियमाने मोडला.

दुसरा नियम कबड्डीचा, आणि माझ्या कामाला खरं वळण मिळालं ते इथे. आमच्या क्रीडाशिक्षकांशी एकदा बोलत बसले होते. त्यांनी सांगितलं, की पूर्वी कबड्डी तीन तऱ्हांनी खेळली जायची. गामिनीत बाद झालेला भिडू बाहेरच बसायचा, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद झाला तरी कुणी बाहेर जायचं नाही, नुसता समोरच्यांना गुण मिळायचा. आणि संजीवनीत समोरचा एक बाद केला की आपला एक बाद झालेला जिवंत होऊन आत यायचा. आजची मॅटवरची कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे. जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. सगळा संघ बाद झाला तर लोण चढतं, समोरच्यांना जादा दोन गुण मिळतात, पण सातही जण पुन्हा उभे राहतात.

ऐकता ऐकता मला आपल्या शाळा दिसत होत्या. आमच्या लहानपणीची शाळा गामिनी होती. एकदा नापास झालात की वर्षभर बाहेर, आणि बरेच जण कायमचे. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं. हेतू चांगला होता, पण बऱ्याच ठिकाणी त्याचं अमर झालं. कुणी बाद होत नाही आणि कुणाला काही येतंय की नाही याची फिकीरही नाही. लोक त्याला ढकलपास म्हणू लागले. अलीकडे आपल्या राज्यात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणि त्यात मागे पडलेल्यांना पुनर्परीक्षा आली. ते संजीवनीच्या दिशेने टाकलेलं पाऊल म्हणता येईल. पण वर्षातून एकदा येणारी संजीवनी फार उशिरा पोचते. ती रोजच्या तासात हवी.

म्हणून आमच्या तासातली कबड्डी अशी बेतली. सात-सात जणांचे संघ. प्रत्येक संघाने त्या धड्यावर स्वतः उदाहरणं तयार करून आणायची. चढाई करणारा फळ्यापाशी येतो, समोरचा संघ त्याला उदाहरण देतो. मैदानावर चढाईला तीस सेकंद असतात, आमच्याकडे घड्याळ नाही. खडू चालू आहे तोवर चढाई चालू. खडू थांबला की दम सुटला. उदाहरण बरोबर सुटलं तर समोरचा एक बाहेर आणि आपला एक आत. चुकलं तर चढाईवाला बाहेर, मात्र समोरच्या संघाने तेच उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं तरच त्यांचा गुण धरायचा. नाहीतर आपल्याला न येणारं अवघड काहीतरी समोरच्याच्या गळ्यात मारायची चाल खेळली जाते. पोरं त्यात पटाईत असतात.

बाहेरच्या बाकावर बसलेल्याने काय करायचं, यावर सगळा खेळ अवलंबून आहे. त्याच्यासमोर त्याचं चुकलेलं उदाहरण असतं. परत आत आल्यावर त्याची पहिली चढाई त्याच जातीच्या उदाहरणावर होणार, हे त्याला माहीत असतं. त्याच्या संघालाही माहीत असतं. त्यामुळे झालं असं, की संघातलं कुणीतरी सारखं त्या बाकाकडे धाव घेऊ लागलं. “अरे, कंसाबाहेर उणे आहे, आतली दोन्ही चिन्हं बदलतात.” बाद झालेला भिडू संघाला ओझं वाटत नव्हता, तो लवकर आत यावा अशी सगळ्यांची गरज होती. शिकवणीला पैसे देऊन जे होत नाही, ते त्या बाकावर होताना मी बघितलं.

नियम पुढे मुलांनीच सुधारले. हुशार मुलंच चढाया करत सुटली तेव्हा एका मुलीने मागणी केली, की एकाने लागोपाठ चढाई करायची नाही. मान्य झाली. एक संघ सारखा मागे पडायला लागला तेव्हा कुणीतरी अव्वल पकडीची आठवण करून दिली. संघात तीन किंवा कमी खेळाडू उरले असताना पकड केली तर कबड्डीत जादा गुण मिळतो. आम्हीही तो द्यायला लागलो. हरणाऱ्याला सामन्यात धरून ठेवणारे किती नियम आपल्या खेळांत आहेत! विषामृतात गोठलेल्याला दुसरा येऊन सोडवतो. डबा ऐसपैसमध्ये डबा उडवला की पकडलेले सगळे मोकळे. ज्यांनी कुणी हे खेळ रचले, त्यांना लहान मूल खेळाबाहेर बसून राहिलं की काय होतं, याची पक्की जाण होती.

तिसरा नियम मी आणला नाही, तो वर्गानेच लावला. वर्षाच्या मध्यावर एक मुलगा दाखल झाला. वडील आचारी, कुटुंब नुकतंच उत्तर प्रदेशातून आलेलं. मराठी कळायची थोडी, गणितात तर तीन इयत्ता मागे. कबड्डीच्या तासाला त्याला कुठल्या संघात घ्यायचं यावर मी विचार करत होते, तोच एका मुलाने जाहीर केलं, “बाई, तो लिंबूटिंबू.” विषय मिटला. लिंबूटिंबू म्हणजे सगळ्या डावात असायचं, पळायचं, ओरडायचं, पण बाद मात्र व्हायचं नाही. त्याच्या चढायांना वर्ग जरा सोपी उदाहरणं द्यायचा. चुकला तर हसायचं नाही, हाही नियम न सांगता पाळला गेला. काही आठवड्यांनी एका तासाला त्याने फळ्यावर उदाहरण सोडवलं आणि खाली बसण्याआधी म्हणाला, “बाई, आता मला मोजा.” वर्गाने टेबलं बडवली. तो पहिल्याच सामन्यात बाद झाला आणि बाहेरच्या बाकावर मोठ्या ऐटीत जाऊन बसला. मागे पडलेल्या मुलांसाठी मी अनेक योजना आणि तक्ते भरून दिले आहेत. कधी मोजायचं हे त्या मुलाने स्वतः ठरवावं, ही अक्कल कुठल्याही योजनेत मला सापडली नाही.

नियम कुणाला मदत करतो आणि कुणाला मारतो, हे आजूबाजूची परिस्थिती ठरवते. जुलै २०१८ मध्ये लोअर परळ स्टेशनजवळचा डिलाईल पूल धोकादायक म्हणून बंद झाला, तो टप्प्याटप्प्याने पूर्ण खुला व्हायला २०२३ उजाडलं. पुलापलीकडून येणाऱ्या मुलांना वळसा पडू लागला, रस्ता वाहनांनी तुंबलेला. त्या काळात वेळेवर येण्याला गुण देणं म्हणजे पत्त्यावरून गुण देणं झालं असतं. जे मुलाच्या हातात नाही त्याला खेळात गुण नसावेत, हे तत्त्व आम्ही तेव्हा पक्कं केलं.

करोनात तेच मोबाइलवर दिसलं. शाळा बंद, तास ऑनलाइन. प्रश्नमंजुषेची ॲप्स सगळीकडे वापरली जात होती. वर संगीत, खाली पळणारं घड्याळ, जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण. एका खोलीत एक फोन, तीन भावंडं, त्यात नेटवर्कची बोंब. पडद्यावरचा प्रश्न उमटेपर्यंत दुसऱ्यांचे गुण जमा झालेले. ज्याच्याकडे चांगला फोन तो हुशार, असा निकाल लागायचा. मग घड्याळ बंद करून तोच प्रश्न दिवसभर खुला ठेवला, आणि उत्तराबरोबर कारण आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं. मागे प्रेशर कुकरची शिट्टी, कुणाचं तरी भांडण, आणि त्यातून येणारं ‘बाई, कव्हर देतोय’. ४ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईत आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा मुलं वेग विसरली होती, पण कारण द्यायची सवय टिकून होती.

यात माझं म्हणून नवीन काही नाही. खेळातून शिक्षण म्हटलं की आज लोकांना ॲप आठवतं आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा दाखला दिला जातो. पण गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला तो भावनगरला, आणि पुढे ताराबाईंनी आपल्या शेजारच्या दादरमध्ये शिशुविहार उभं केलं. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर चौथीचा वर्ग हातात घेतो आणि गोष्टी नि खेळांपासून सुरुवात करतो; गोंगाट होतो म्हणून त्यालाही बोलणी खावी लागतात. अगदी अलीकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी वर्गाची फरशीच खेळायच्या पटासारखी रंगवली आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. या सगळ्यांत मुलाच्या हाताला आणि डोक्याला काम आहे. तक्त्यावर वर-खाली होणारी नावं नाहीत.

आता न जमणाऱ्या गोष्टी. गोंगाट होतो, शेजारचा वर्ग तक्रार करतो आणि त्याची तक्रार रास्त असते. तयारीला वेळ लागतो. दहावीला मी हे जवळपास करत नाही; तिथे बोर्डाची परीक्षा गामिनीच्या नियमाने होते आणि मुलांना त्याची सवय असावी लागते. भूमितीतली सिद्धता खेळात बसत नाही, तिला शांतपणे वही उघडून बसावं लागतं. रडीचा डाव खेळणारे असतातच. गुणांवरून हमरीतुमरी होते. मुलगे चढाईला पुढे घुसतात, मुलींना जागा करून द्यावी लागते. आणि काही मुलांना खेळ आवडतच नाही. माझा एक विद्यार्थी अशा तासाला कानांवर हात ठेवून बसायचा. त्याला गुणलेखक केलं. त्याने ठेवलेल्या गुणपत्रिकेतून मला प्रत्येक मुलाची नेमकी अडचण कळायची. माझ्या स्वतःच्या नोंदी इतक्या नेटक्या नव्हत्या. खेळ आठवड्यात एखाद्या तासाला पुरे. बाकीचे तास साध्या शिकवण्याचे, आणि ते चांगले झाले नाहीत तर खेळाने काही साधत नाही.

आमच्या भागाचं रूप झपाट्यानं बदलतं आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. काही कुटुंबं भाड्याने लांब गेली, कुणी विरार, बदलापूर गाठलं, मराठी शाळांचा पट उतरतो आहे. नव्या इमारतींत घरं मोठी असतील, लिफ्ट असेल. मुलं खाली खेळायला येतील की नाही, सांगता येत नाही. खेळातले नियम मुलं शाळेत शिकत नव्हती, चाळीत शिकत होती. शाळेला ते फुकट मिळत होते. पुढे शाळेला ते स्वतः शिकवावे लागतील.

नव्या शिक्षकांनी विचारलं, तर मी त्यांना ॲपचं नाव सांगत नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूममधून बाहेर या, मुलं कुठला डाव खेळतात ते बघा, नियम कोण सांगतं आणि भांडण कसं मिटतं ते ऐका. त्यातला एकच नियम उचला आणि महिनाभर एकाच वर्गात वापरा. तक्ता लावायचाच असेल तर मुलांच्या नावांचा लावू नका, गटांचा लावा, आणि शनिवारी पुसून टाका. स्टार, बॅज, गुण हे सगळं नंतर ठरवा, नाही ठरवलं तरी चालेल. पण चुकलेलं मूल परत आत कसं येणार, हे पहिल्या दिवशी ठरलेलं असू द्या. ते ठरलं नसेल, तर बाकी सगळं पीसवरचं काम आहे.